आई बसेल अशी गाडी

"आता हाड जुळलंय. आजींना थोडं हिंडू-फिरू द्या. फक्त खड्ड्यांच्या रस्त्याने नेऊ नका," महाडचा डॉक्टर म्हणाला. आम्ही तिघं, म्हणजे आई, माझी बायको आणि मी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. हायवे सोडून वर वळलं की पुढे रस्ता कमी आणि खड्डे जास्त. खड्ड्यांच्या रस्त्याने न्यायचं नाही म्हणजे घरी न्यायचं नाही. भल्या माणसाने एका वाक्यात अर्धा पोलादपूर तालुका बंद करून टाकला.

दवाखान्यातून बाहेर येताना आई एवढंच म्हणाली, "म्हंजे मी काय आता तुज्या बिरवाडीतच मरायचं काय?"

वडील गेल्यापासून ती वाडीत एकटीच राहते. एकटी म्हणजे भिंतीला भिंत लावून माझी चुलती आहे, पण चूल वेगळी, शेत वेगळं आणि तोऱ्याच्या बाबतीत दोघी सारख्याच. हिवाळ्यात पेंढ्याचा भारा डोक्यावर घेताना आईच्या पाठीत कळ आली आणि ती तिथेच खाली बसली. मणका दबला होता. अँब्युलन्समधून खाली आणताना ती अशी ओरडली की मला अजून तो आवाज कानात घुमल्यासारखा होतो. ती ओरडणारी बाई नाही. हाताला विळा लागला तर रक्तावर पाला चोळून पुढचं गवत कापणारी ती. म्हणून त्या दिवशी मी फार घाबरलो होतो.

तेव्हापासून ती आमच्याकडे, बिरवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत, कमरेला पट्टा बांधून होती. मी औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्सला फिटर आहे आणि बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर आई खोलीत एकटी. बसलं तर पाठ दुखते, आडवं झालं तर जीव गुदमरतो, उभं राहिलं तर पाय भरून येतात. कंपनीच्या बस आल्या-गेल्या की ती खिडकीशी यायची. संध्याकाळी वारा फिरला की वसाहतीचा वास आत यायचा आणि ती पदर नाकाला लावून म्हणायची, "ह्या वासाचे तुमाला पगार देतात काय रे?"

आणि मग राब. भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्यांचं कवळं, वाळक्या पानांचा पातेरा आणि गवत रचून उन्हाळ्यात ते जाळतात, त्याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. आईच्या मते तो फक्त तिलाच जमतो. रोज चुलतीला फोन. राब रचलास काय, वारा बघितलास काय, माती वर टाकलीस काय. चुलती पलीकडून वैतागून म्हणायची, "गो बाय, मी काय आज जलमले काय?" फोन ठेवला की आई पुन्हा खिडकीशी. राब झाला की बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना तीच सुरू करते, बाकीच्या बाया मागून म्हणतात. ती नसली तर कोण सुरू करणार? उत्तर माझ्याकडे मागायची, जसा काही मी वाडीचा सरपंच.

तिची ही घालमेल हळूहळू माझ्यात उतरली. मी कारखान्यातून आलो की बसायचो नाही. चहा उभ्याने प्यायचो. पावसाळा लागला की वाडीच्या रस्त्यावर दरड येते आणि मग दिवाळीपर्यंत त्या रस्त्याचा भरवसा नसतो. म्हणजे न्यायचं तर मे संपायच्या आत न्यायचं. बायको म्हणायची, "तुम्ही असे येरझाऱ्या घातल्याने रस्ता दुरुस्त होणार आहे का?" तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग यायचा.

आधी एक मोठी, उंच गाडी भाड्याने बोलावली. तिचे शॉकअप चांगले असतील या आशेने. पण आईला त्या पायरीवर पायच टाकता येईना. ड्रायव्हरने मदत करायला हात पुढे केला, तर ही त्याच्यावरच खेकसली. गाडी तशीच परत गेली.

आमची स्वतःची गाडी लहान, जुनी, तिसऱ्या हाताची. पण तिचं दार आणि सीट आईच्या बरोबर कमरेएवढ्या उंचीवर. ती मागे वळून, हळूच टेकून, पाय आत घेऊन बसू शकायची. फक्त गाडीचे शॉकअप पार गेलेले होते. साध्या गतिरोधकावरही मागचा भाग आपटायचा. महाडच्या गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "ह्याच्यात नवीन टाकून उपयोग काय? विकून टाका." शिवाय लग्नसराई, हातात गाड्या खूप, त्याला वेळ नव्हता. मी तिथेच ठरवलं की हे काम आपण घरी करायचं.

मग मी शोधाशोध करून स्प्रिंगा आणि शॉकअप मागवले. कंपनीचे मूळ नव्हेत, बाहेरचे, खराब रस्त्यासाठी मुद्दाम मऊ बनवलेले. खोकी आली तेव्हा आईने एका खोक्यावर हात ठेवून विचारलं, "ह्याच्यानं खड्डं बुजतात?" मी म्हटलं, बुजत नाहीत, पण कळत नाहीत. ती म्हणाली, "मग सरकारला पन एक दे."

बायकोला हा सगळा प्रकार पसंत नव्हता. "तुम्हाला गाडीचं काय येतं?" ती म्हणाली.

"कारखान्यात एवढाले पंप उघडतो मी. ही चार चाकं उघडता येणार नाहीत?"

"पंपात आई बसत नाही."

असं काही बोलून ती भांडी घासायला निघून जाते आणि उत्तर देण्यासाठी मी एकटाच उरतो. तरी सुट्टीच्या दिवशी मी घरमालकाच्या अंगणात कामाला लागलोच. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा भाग जॅकवर उचलला, खाली लोखंडी स्टँड दिले. आई दारात खुर्ची टाकून बसली. स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा मी भाड्याने आणला होता. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जबडा फोडू शकते, म्हणून मी आईला आत जायला सांगितलं. ती गेली नाही. "तू लय मोठा झालास काय? मी हितंच बसनार." दोन वेळा मी शिकंजा सैल करून पुन्हा लावला, घामाने हात सटकत होते, आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडे असं बघायची की जणू मी अजून झाडावर चढलेलं पोर आहे.

जुनी स्प्रिंग बाहेर आली, नवी गेली. सोबत खालच्या आर्मचे बुशही बदलायचे होते. बुश म्हणजे लोखंडाच्या दोन नळ्यांमध्ये घट्ट बसवलेलं रबर. चाकाला धरून ठेवणारा आर्म गाडीच्या अंगाला जिथे जोडलेला असतो तिथे ते असतं. जुन्यांना भेगा पडल्या होत्या. लेथवाल्याकडून नवे दाबून आणले आणि बसवले. पुढचं झालं, मग मागचं. मागेही अ‍ॅक्सलचे बुश बदलले. ते काम रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत रेंगाळलं, कारण मधे माझ्या पाळ्या होत्या. त्या दिवसांत मी गाडीच्या खाली तरी असायचो नाहीतर गाडीचा विचार तरी करत असायचो. पंपाच्या शाफ्टवर हात ठेवला तरी मला अ‍ॅक्सल दिसायचा. जेवताना बायको म्हणाली, "ताटात बुश नाही, भात आहे." आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

आता आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. कारखान्यात पाइपचा जोड उघडला की तो पुन्हा जोडताना प्रत्येक बोल्ट पूर्ण ताकदीने आवळायचा, आवळला की त्याच्यावर पिवळ्या मार्करने रेघ मारायची, आणि सगळ्या रेघा दिसल्याशिवाय त्या पाइपवर भार येऊ द्यायचा नाही. एकही बोल्ट ढिला ठेवून भार सोडला तर आत आम्ल असतं, ते कोणाच्या तरी अंगावर येतं. इतक्या वर्षांत ही रीत माझ्या हाडात गेली आहे. घरी गॅसच्या शेगडीची नळी बदलली तरी माझा हात मार्करकडे जातो. तेव्हा गाडी हवेत असतानाच मी प्रत्येक बोल्ट कचकचून आवळला, प्रत्येकावर पिवळी रेघ मारली, बायकोला टॉर्च धरायला लावून सगळ्या रेघा तपासल्या, आणि मगच गाडी खाली टेकवली.

गाडी आधीपेक्षा जरा उंच उभी राहिली. मला ती ऐटदार वाटली. महाडला जाऊन चाकांची अलाइनमेंटही करून आणली. वाटेत ती जरा कडक वाटली, खालून कुरकुर आवाज येत होता, पण मी म्हटलं नवीन आहे, रुळेल. माणूस स्वतःच्या कामाबद्दल किती लवकर समजूत घालून घेतो.

आईला नेण्याआधी एकदा तपासून बघायचं ठरलं. आईच्या जागी बायको बसणार. तिने आईचा जुना पट्टासुद्धा कमरेला बांधला, म्हणाली, परीक्षा द्यायची तर नीट द्यावी. आम्ही वरंधकडच्या रस्त्याला गेलो. तिथे एक तुकडा आमच्या वाडीच्या रस्त्यासारखाच उखडलेला आहे. पहिल्याच खड्ड्यात बायकोचं डोकं छताला लागलं. मी वेग कमी केला. काही उपयोग नाही. खड्डा लहान असो की मोठा, गाडी ठण्ण करून आदळायची. मागून "आई गं, आई गं" चालू. सासूला नव्हे, स्वतःच्या आईला हाक मारत होती.

परत आलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उतरली. "जुनी गाडी बरी होती," ती म्हणाली. मग दारात उभ्या आईकडे तिचं लक्ष गेलं आणि ती कमरेचा पट्टा सोडायला लागली.

आईला न सांगताच कळलं. ती आत गेली. आदल्या दिवशीच तिने आपलं बोचकं बांधून ठेवलं होतं. दोन लुगडी, औषधाच्या पट्ट्या, नातवंडांच्या नावाने जपलेला खाऊ (नातवंडं अजून नाहीत, हा टोमणा आम्हा दोघांसाठी), आणि चुलतीसाठी बिरवाडीच्या बाजारातून मागवलेल्या बांगड्या. तिने बोचक्याची गाठ सोडली, एकेक वस्तू काढून फळीवर परत ठेवली. "ऱ्हाऊ दे रे," म्हणाली. "पावसानंतर बघू."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने हट्ट सोडला हे मला सहन होईना. मी बाहेर जाऊन टायरला लाथ मारली, आणि नव्या स्प्रिंगा विकणाऱ्याला, गाडीला, रस्त्याला आणि स्वतःला मनातल्या मनात जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या. मग अंगठा सुजला आणि बायकोने त्याला हळद लावली.

पुढचे काही दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. स्प्रिंग कापून आखूड करावी का, जुनीच परत घालावी का, शॉकअप उलटे तर बसले नाहीत ना, हजार शंका. आई आता चुलतीला फोनही करत नव्हती. चुलतीचाच एकदा आला. "गो, तू राबाचं काय इचारत नायस, तुजी तब्येत बरी हाय ना?" तिलाही करमत नव्हतं.

एका सकाळच्या पाळीत मला टँकर खाली करायच्या जागेवरची रबरी नळी बदलायला पाठवलं. जाड, लवचीक नळी, दोन्ही टोकांना जोड. अशा नळीवर लांबीभर एक रंगीत पट्टी असते. नळी सरळ बसली की पट्टी सरळ दिसते. आवळताना नळी फिरली तर पट्टी तिच्याभोवती गोल फिरते, मग कळतं की रबराला पीळ बसला. पीळ बसलेली नळी कडक होते, आणि दाब आला की आपल्याच जोडाला ओढत राहते. मी दुसरं टोक आवळलं आणि बघितलं तर पट्टी फिरलेली. सवयीप्रमाणे पाना लावून जोड ढिला केला, नळी सरळ केली. आणि हातात पाना तसाच धरून उभा राहिलो.

गाडीतल्या बुशांनाही पीळच बसला होता. आर्म वर-खाली होताना ते रबर दोन्ही बाजूंना थोडंथोडं पिळून परत सुटतं, तेवढंच त्याचं काम. बोल्ट आवळला की आतली नळी जागीच जखडते, आणि मी बोल्ट आवळले तेव्हा चाकं हवेत लोंबत होती. म्हणजे लोंबती जागा हीच त्याची सरळ जागा झाली. गाडी जमिनीवर टेकली त्या क्षणी सगळ्या रबरांना पीळ बसला, आणि म्हणूनच ती उंच उभी होती. ज्या उंचीला मी ऐट समजलो ती रबराची ओढाताण होती. खड्डा आला की स्प्रिंग खाली बसू बघायची आणि रबर तिला बसू द्यायचं नाही. आधी भार, मग आवळणी, असं करायला हवं होतं. मी नेमकं उलटं केलं, आणि तेही चुकून नव्हे, तर वर्षानुवर्षं जे बरोबर म्हणून शिकलो त्याप्रमाणे, रेघा मारून.

पाळी सुटेपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते विचारू नका. साहेब काहीतरी सांगत होते, मी हो हो म्हणत होतो. कंपनीची बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि उतरणारे लोक डबे, पिशव्या, बाटल्या सावकाश गोळा करत होते. बिरवाडीला दार उघडायच्या आत मी पायरीवर होतो.

घरी आलो, कपडेही बदलले नाहीत. जाड फळ्या टाकून गाडीची चारही चाकं त्यांवर चढवली, म्हणजे भार चाकांवरच राहिला आणि खाली शिरायलाही जागा झाली. दगड लावले, हँडब्रेक ओढला, आडवा होऊन आत शिरलो. बायको पळत आली. शाळेला मेची सुट्टी लागली होती. "आता काय मोडताय?" मी म्हटलं, काही मोडत नाही, बोल्ट ढिले करतोय. "एवढे आवळलेले?" हो, एवढे आवळलेले.

पहिला बोल्ट पान्याने सुटला तेव्हा खट् असा मोठा आवाज झाला. आई आतून ओरडली, "लागलं काय रे?" नव्हतं लागलं. एकेक करत सगळे सैल केले आणि बाहेर येऊन गाडी कोपऱ्याकोपऱ्यावर दाबून हलवली. ती कुरकुरली आणि हळूहळू खाली बसली, उभ्याने प्रवास करणाऱ्याला एसटीत एकदाची जागा मिळावी तशी. मग पुन्हा खाली जाऊन, भार चाकांवर असतानाच, सगळं आवळलं. पिवळ्या रेघा आता जागच्या जागी जुळत नव्हत्या. मी शेजारी नव्या मारल्या.

"चल, एकदा बसून बघ," मी बायकोला म्हटलं.

"मी नाही. माझी परीक्षा झाली. नापास केलं तुम्ही मला."

"मी बसते," आई म्हणाली. ती दारात उभी होती, एक हात चौकटीला.

आम्ही दोघंही नको म्हणालो. ती ऐकते थोडीच. पाठ करून टेकली, पाय आत घेतले. बायको धावत उशी घेऊन तिच्या शेजारी बसली. ठरलं असं की बिरवाडीच्या नाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, बस्स. घरासमोरच्या गटाराच्या तुटक्या फरशीवरून गाडी गेली. मी आरशात बघितलं. आईच्या कपाळाला आठी नव्हती. वसाहतीच्या रस्त्यावरचे खड्डेही गाडीने असे घेतले की मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच गाडीत बसलो आहोत. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना.

नाक्यावर मी गाडी वळवायला लागलो. मागून आई म्हणाली, "पुढं घे."

"कुठे पुढे?"

"घरी. अजून कुटं?"

"आई, तुझं बोचकं राहिलंय."

"बोचकं काय पळतंय?"

बायको म्हणाली, "दार उघडं आहे. गॅस बघितला नाही मी." माझ्या अंगावर कारखान्याचे कपडे, हाताला ग्रीस. खरं तर अजून चार ठिकाणी तपासून, दुसऱ्या दिवशी शांतपणे निघायला हवं होतं. पण माझाही जीव आता एका जागी राहत नव्हता. बायकोने घरमालकिणीला फोन लावला, दार ओढून घ्या म्हणाली, आणि मी गाडी हायवेला घातली.

पोलादपूरपर्यंत काही प्रश्न नव्हता. पुढे वर वळलो आणि माझी मान खांद्यात गेली. मी माणूस चालेल त्या वेगाने चालवत होतो. एकेक खड्डा बघून, चाक तिरकं घालून, दर वळणावर विचारत होतो, "दुखतंय का? थांबू का?" शेवटी ती भडकली. "दुखंल तवा सांगीन. सारकं इचारू नको, पुढं बघ."

ओढ्यावरच्या मोरीजवळ रस्ता पूर्ण वाहून गेलाय आणि नुसते दगड उरलेत. तिथे गाडी चांगलीच डुलली. "हितं ओरडले व्हते मी," आई म्हणाली. मी आरशात बघितलं. तिने बायकोचा हात घट्ट धरला होता. मोरी संपल्यावर सोडला. ते दुखणं होतं की अँब्युलन्सची आठवण, हे बायकोलाही कळलं नाही, आणि आईला विचारायची माझी हिंमत झाली नाही. मग ती खिडकीतून शेतं बघायला लागली. भाजलेल्या राबांचे काळे चौकोन उतारावर दिसत होते. प्रत्येकाचा तिने निकाल दिला. हा बरा, हा जळला नाय नीट, ह्यानं माती कमी टाकलीन.

वाडीत गाडी थांबली तेव्हा चुलती हातातलं सूप टाकून आली. आई कोणाचा हात न धरता उतरली. घराकडे गेली नाही. आधी कडेला जाऊन स्वतःच्या राबाकडे बघितलं. "कच्चा भाजलान," म्हणाली.

"आली बाय, आली," चुलती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. "आल्या आल्या सुरू झाली."

मग दोघी भांडत भांडत घरात गेल्या. दुसऱ्या दिवशीही माझी सकाळची पाळी होती, मला परत जायला हवं होतं. बायकोला सुट्टी होती, ती तिथेच राहिली. मी आईच्या पाया पडलो तर ती म्हणाली, "जा आता. उजेड हाय तवर उतर." ती ओटीवर बसली होती, पाठीला भिंत, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती कुठे जायला निघालेली दिसत नव्हती.

मी एकटा उतरायला लागलो. मोरी आली, मोरी गेली. मागून एक जीप आली आणि हॉर्न वाजवायला लागली. मी बाजू दिली नाही, रस्ता तेवढा रुंद नव्हताच. पुढे वळणावर जागा झाली तेव्हा जीपवाला शेजारी आला आणि काच खाली करून ओरडला, "काय रे, झोपलास काय? गाडी हाय का बैल हाय?"

"मागं आई हाय रे!" मी तिरसटून ओरडलो.

त्याने माझ्या मागच्या सीटकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. गिअर टाकून हळूच पुढे निघून गेला. मी मागे वळून बघितलं. सीटवर नुसती उशी होती. आई घरी जावी म्हणून मी इतके दिवस एका जागी बसलो नव्हतो, आणि आता ती घरी होती, आणि खाली बिरवाडीच्या खोलीत खिडकीशी कोणी उभं राहणार नव्हतं. मला रडू आलं. पुसत पुसत, तसाच एकेक खड्डा चुकवत, मी पोलादपूरपर्यंत हळूहळू गेलो.